आसावरचे एरंडेल

महाराष्ट्रातील बैलगाडीचा लोखंडी आस जागचा फिरत नाही. त्याच्याभोवती चाकाचा तुंबा फिरतो, आणि या दोहोंची झीज होऊ नये म्हणून गाडीवान जे वंगण घालत आला त्यात एरंडेलाला, म्हणजे एरंडीच्या बियांच्या तेलाला, मानाचे स्थान होते. जुन्या कापडाच्या चिंध्या किंवा तागाचे धागे या तेलात भिजवून आसाला गुंडाळत, आणि लांबच्या वाटेवर वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. पुढे एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली तेव्हा भारतातील रेल्वेनेही हेच तेल वंगणासाठी वापरले.

या निवडीमागचे शहाणपण शास्त्राला सावकाश उलगडत गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी फिरत्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना तेल घालण्यासाठी वर भोक पाडले, तर त्यातून तेल उलट बाहेर येऊ लागले आणि भोकात ठोकलेले बूचही टिकेना. आस वेगाने फिरताना तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे निर्माण झालेला दाब सगळा भार उचलतो आणि धातूचा धातूला स्पर्शच होत नाही, हे ऑझबर्न रेनल्ड्स यांनी 1886 मध्ये गणिताने दाखवून दिले. मात्र या उपपत्तीला वेग लागतो. बैलाच्या चालीने फिरणाऱ्या चाकाला तो मिळत नाही, आणि कोणतेही यंत्र सुरू होताना किंवा थांबतानाही तो नसतो. अशा वेळी धातूला चिकटून राहिलेला रेणूंचा अतिशय पातळ थरच झीज रोखतो. अशा वंगणक्रियेचा अभ्यास विल्यम बेट हार्डी यांनी 1920 च्या सुमारास केला.

या दोन्ही कसोट्यांवर एरंडेल उतरते. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे 85 ते 90 टक्के वाटा रिसिनोलेइक आम्लाचा असतो, आणि या आम्लाच्या 18 कार्बनांच्या साखळीत बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी, बसलेला असतो, जो नेहमीच्या खाद्यतेलांत आढळत नाही. या गटांमुळे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, फार मोठी असते. त्यांच्यामुळेच तेल धातूलाही घट्ट बिलगते, आणि पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. शेवटचा गुण पहिल्या महायुद्धातील विमानांना तारक ठरला. नोम व ल रोन या फ्रेंच बनावटीच्या इंजिनांत सिलिंडरांसह अवघे इंजिनच गरगर फिरे आणि पेट्रोलची वाफ वंगणाच्या पेटीतूनच जाई, त्यामुळे तेथे खनिज तेल पातळ होऊन निकामी झाले असते. वापरलेले एरंडेल मात्र परत न येता बाहेर फेकले जाई आणि त्याचे शिंतोडे वैमानिकाच्या तोंडावर उडत.

तरीही एरंडेलाची सद्दी टिकली नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते चिकट होते, थंडीत फार दाट होते, आणि 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर यशस्वीपणे खोदली गेल्यानंतर स्वस्त तेलाचा जो ओघ सुरू झाला त्यापुढे बियांच्या तेलाचा निभाव लागणे अवघड होते.

येथे ही कुळकथा संपायला हवी होती, पण ती खरी रंगते ती यानंतर. ग्रीज म्हणजे साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळीत अडकवलेले तेल. जुने कॅल्शियम साबणाचे ग्रीज उष्णतेत फुटे, सोडियमचे पाण्यात विरघळे. क्लॅरेन्स अर्ल यांनी 1942 मध्ये पेटंट घेतलेल्या लिथियम साबणाच्या ग्रीजने दोन्ही अडचणींवर मात केली. त्यासाठी सर्वांत उपयुक्त ठरलेले 12-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल एरंडेलात हायड्रोजन मिसळून, म्हणजे हायड्रोजनीकरण करून, मिळवतात, आणि तंतू टिकाऊ होण्याचे श्रेय त्याच बाराव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाला जाते. तेल खनिज असले तरी त्याला धरून ठेवणारी जाळी अशा रीतीने एरंडीचीच असते. अलीकडे बॅटऱ्यांसाठी लिथियमची मागणी वाढल्याने ग्रीज बनवणारे पुन्हा कॅल्शियमकडे पाहू लागले आहेत; परंतु कॅल्शियमच्या नव्या निर्जल ग्रीजमध्येही बहुधा हेच आम्ल वापरले जाते, आणि त्यासाठी लागणारे एरंडेल जगाला मुख्यतः भारतातून, त्यातही गुजरातेतून पुरवले जाते.