धोकादायक मालाची सागरी वाहतूक : वऱ्हाडची रुई आणि ढेप

जहाजावरील माणसे, जहाज, शेजारचा माल किंवा समुद्र यांना ज्याच्यापासून अपाय होऊ शकतो असा माल समुद्रमार्गे पाठवताना पाळावयाचे आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय नियम. स्फोटके, वायू, आम्ले, कीटकनाशके ही नावे चटकन डोळ्यांसमोर येतात. परंतु अकोल्याच्या बाजारात रोज तोलले जाणारे दोन जिन्नस, रुई आणि सरकीची ढेप, हेही या यादीत क्रमांकासह नोंदलेले आहेत. मोर्णेच्या पश्चिम काठावर असदगड आणि राजराजेश्वर मंदिराभोवती वसलेल्या जुन्या शहरापासून समुद्र दूर आहे. मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटरवर. तरीही १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यापासून वऱ्हाडची रुई बंदराकडे वाहते आहे. म्हणून हा विषय जितका मुंबईचा, तितकाच अकोल्याचा आहे.

नियमांची चौकट : माणसाच्या जीविताचे समुद्रावर रक्षण करण्यासाठी झालेला ‘सोलास’ करार हा या नियमांचा पाया. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये त्याचा पहिला मसुदा झाला. १९६० च्या करारातील सातव्या प्रकरणात धोकादायक मालाची सविस्तर तरतूद आली आणि तिच्या आधारे १९६५ मध्ये ‘आयएमडीजी कोड’ स्वीकारण्यात आला. बांधीव मालासाठी, म्हणजे पिंप, पोते, गाठ, कंटेनर अशा रूपात जाणाऱ्या मालासाठी, हाच कोड लागू असतो. १ जानेवारी २००४ पासून त्याचा बहुतेक भाग सक्तीचा झाला. दर दोन वर्षांनी त्यात दुरुस्ती होते. ४२–२४ ही दुरुस्ती १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक आहे. सुट्या, ढिगाने भरलेल्या घन मालासाठी ‘आयएमएसबीसी’ हा वेगळा कोड असून तो २०११ पासून सक्तीचा आहे. पॅकबंद मालातून होणाऱ्या सागरी प्रदूषणासाठी ‘मार्पोल’ कराराचे तिसरे परिशिष्ट आहे. भारतात ही जबाबदारी नौवहन महासंचालनालयाकडे आहे. पिंपे, खोकी, पोती कोडाच्या कसोटीला उतरतात की नाही याची चाचणी करून प्रमाणपत्र देण्याचे काम भारतीय पॅकेजिंग संस्था करते. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

कोडात मालाचे नऊ वर्ग आहेत. पहिला स्फोटकांचा, दुसरा वायूंचा, तिसरा ज्वालाग्राही द्रवांचा, सहावा विषारी व संसर्गजन्य पदार्थांचा, सातवा किरणोत्सर्गी, आठवा क्षरणकारक. वऱ्हाडाशी जवळचा संबंध आहे तो चौथ्याचा. त्यातील ४.१ मध्ये सहज पेटणारे घन पदार्थ, ४.२ मध्ये आपोआप तापून पेट घेणारे आणि ४.३ मध्ये पाण्याशी गाठ पडताच ज्वालाग्राही वायू सोडणारे पदार्थ येतात. ४.२ चे लेबल वरच्या अर्ध्या भागात पांढरे, खालच्या अर्ध्या भागात लाल असते आणि त्यावर ज्वालेचे चिन्ह असते. पुड्यावरचे लेबल दहा सेंटिमीटर बाजूचे, कंटेनरवरचे पंचवीस सेंटिमीटरचे. समुद्राच्या पाण्यात तीन महिने बुडून राहिले तरी ते ओळखू आले पाहिजे, ही अट अनुभवातून आलेली आहे. वाहून किनाऱ्याला लागलेले पिंप कशाचे आहे हे तेथल्या माणसाला कळायलाच हवे.

रुई : ओल्या कापसाला यूएन १३६५ (वर्ग ४.२), तेलकट कापूस-कचऱ्याला यूएन १३६४ (वर्ग ४.२) आणि कोरड्या वनस्पतिज तंतूंना यूएन ३३६० (वर्ग ४.१) असे संयुक्त राष्ट्रांचे (यूएन) क्रमांक आहेत. यातला ३३६० हा क्रमांक केवळ सागरी वाहतुकीपुरता लागू होतो. म्हणजे अकोल्याहून न्हावा-शेव्यापर्यंत ट्रकमध्ये जी गाठ या नियमांपुरती साधा माल असते, तीच जहाजाच्या पोटात शिरताना धोकादायक ठरू शकते. जमिनीवर पेटलेला ट्रक रस्त्याच्या कडेला घेता येतो. भर समुद्रात तशी जागा नसते.

मात्र कोडाने व्यापाराची अडचण ओळखून एक सवलत ठेवली आहे. कोरड्या रुईची गाठ घनमीटरला किमान ३६० किलो इतकी घट्ट दाबलेली असेल आणि बंद कंटेनरमध्ये जात असेल, तर कोडाच्या अटी तिला लागू होत नाहीत. आपली गाठ १७० किलोची. हिशेब केला तर ती ०.४७ घनमीटरपेक्षा थोडीही जास्त फुगून चालत नाही. पट्टी सैल पडलेली किंवा बारदाना फाटून फुगलेली गाठ म्हणूनच केवळ दिसायला वाईट नसते, ती सवलतीच्या बाहेर जाते.

घट्टपणाला इतके महत्त्व का, ते जिनिंगमध्ये काम केलेला माणूस लगेच सांगेल. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनच्या सुरीवर घासला की ठिणगी उडते. ती रुईबरोबर प्रेसमध्ये गेली तर गाठ बांधली जाते आणि आग आतच राहते. तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर ती ज्योत न दाखवता दिवसेंदिवस धुमसते. बाहेरून पाणी मारले तरी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि गाठ उकलली की मोकळी हवा मिळून भडका उडतो. गाठ जितकी घट्ट, तितकी आत हवा कमी. प्रेसमधून निघालेल्या गाठी लगेच गोदामात न रचता काही काळ वेगळ्या ठेवून हाताने चाचपण्याची जुनी रीत यासाठीच आहे, आणि ती कुठल्याही यंत्रामुळे कालबाह्य झालेली नाही.

ढेप : एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेच्या व्यवहारांना अकोल्याचे नाव जोडले गेले, इतका हा जिनस इथला आहे. यातली बहुतेक ढेप देशातल्या गोठ्यांतच संपते. बाहेर जाते ती मुख्यतः सॉल्व्हंट प्लांटमधून निघणारी तेलविरहित पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी, आणि त्यातही सोयाबीनची जास्त. कोडात या सर्वांना ‘तेलबियांची पेंड’ या नावाखाली दोन क्रमांक आहेत. तेल दीड टक्क्यापेक्षा जास्त आणि ओलावा ११ टक्क्यांपर्यंत असेल तर यूएन १३८६. तेल दीड टक्क्याच्या आत आणि ओलावा ११ टक्क्यांच्या आत असेल तर यूएन २२१७. दोन्ही वर्ग ४.२. एक्स्पेलरच्या ढेपेत दीड टक्क्यापेक्षा बरेच जास्त तेल उरते, त्यामुळे ती पहिल्या क्रमांकाकडे जाते. सॉल्व्हंटने काढलेली सरकी, सोयाबीन, मोहरी किंवा सूर्यफुलाची पेंड ढिगाने पाठवताना तेल ४ टक्क्यांच्या आत, तेल व ओलावा मिळून १५ टक्क्यांच्या आत आणि सॉल्व्हंटचा अंश जवळजवळ नाहीसा असेल, तर निर्यातदार देशाने मान्य केलेल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र जोडून ती बिनधोक माल म्हणून चढवता येते.

ढेप पेटते ती दोन टप्प्यांत. ओलाव्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात व गंजीचा गाभा गरम करतात. पुढे उष्णता वाढली की सूक्ष्मजीव मरतात, पण तोवर तेलाचे हवेशी संयोग पावणे वेगाने सुरू झालेले असते. सरकीच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असल्याने हा संयोग जोरात होतो. जहाजावर म्हणून ढिगाचे तापमान वेगवेगळ्या खोलीवर नियमित मोजतात. ते ५५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन चढतच राहिले तर हवा खेळवणे थांबवतात आणि गरज पडल्यास कार्बन डायऑक्साइड सोडतात. सॉल्व्हंट पेंडीच्या बाबतीत मात्र आग प्रत्यक्ष दिसेपर्यंत हा वायू सोडायचा नसतो. सोडताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेच्या ठिणगीने सॉल्व्हंटची वाफ पेटू शकते. एका जिनसाला तारणारा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. कागदावर क्रमांक बरोबर लिहिणे का महत्त्वाचे, ते यावरून कळावे.

शेजार : कोडाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कोणता माल कोणापासून किती दूर ठेवायचा याचा तक्ता. त्यात चार पायऱ्या आहेत. पहिलीत साधारण तीन मीटरचे अंतर पुरते, दुसरीत वेगळा कप्पा लागतो, तिसरीत मध्ये एक संपूर्ण कप्पा, आणि चौथीत जहाजाच्या लांबीच्या दिशेने मध्ये एक अख्खा कप्पा. वर्ग ४.२ आणि मोठ्या प्रमाणावर स्फोट होणारी १.१ स्फोटके यांच्यात चौथी, सर्वांत कडक पायरी लागते.

या एका ओळीमागे मुंबईचा इतिहास उभा आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीत त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक असा माल चढला. तो कापूस वऱ्हाडचा नव्हता. पण गाठीचा स्वभाव प्रांत पाहत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठ्यात, खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर अतिसंवेदनशील स्फोटके अशी रचना झाली. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये आले. धोकादायक माल असल्याची खूण असलेला लाल बावटा त्यावर लावलेला नव्हता. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास त्या होल्डमधून धूर दिसला. अग्निशामक दलाने ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, तरी आगीचे मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. पेटत्या गाठी शहरावर उडून पडल्या आणि वस्त्या जळाल्या. आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. युद्धाची निकड होती हे खरे, परंतु कापूस आणि स्फोटके एका होल्डमध्ये ठेवण्याचे समर्थन कोणत्याही निकडीने होत नाही.

कागद : पाठवणाऱ्याने धोकादायक मालाचे घोषणापत्र द्यावे लागते. त्यात यूएन क्रमांक, मालाचे अधिकृत नाव, वर्ग आणि पॅकिंग गट (धोक्याच्या तीव्रतेनुसार ठरणारा) हे याच क्रमाने लिहायचे असतात. कंटेनर भरणाऱ्याने तो नीट भरल्याचे प्रमाणपत्र वेगळे द्यायचे असते. जहाजाचा कप्तान कंटेनर उघडून पाहत नाही. त्याच्या हाती येतो तो हा कागद. कीड मारण्यासाठी धुरी दिलेला कंटेनरही, आत निव्वळ डाळ असली तरी, यूएन ३३५९ म्हणून नवव्या वर्गात मोडतो आणि त्याच्या दारावर तशी सूचना लावावी लागते. अकोल्याच्या डाळ मिलवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण दार उघडणारा हमाल त्या वायूने मरू शकतो.

अलीकडचे अपघात हाच धडा पुन्हा देतात. मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाजावरील नायट्रिक आम्लाचा कंटेनर गळू लागला होता. कतारमधील हमद आणि गुजरातमधील हजिरा या बंदरांत तो उतरवला गेला नाही आणि जहाज कोलंबोजवळ पेटून पुढे बुडाले. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ कोचीजवळ ६४० कंटेनरसह बुडाले, त्यांत कॅल्शियम कार्बाइडचेही कंटेनर होते. त्यानंतर पंधरवड्यातच, ९ जूनला, कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे निघालेले ‘वान हाय ५०३’ केरळच्या किनाऱ्यापासून दूर पेटले.

२०१० पासून किनाऱ्यावरील, म्हणजे माल ओळखणाऱ्या, बांधणाऱ्या, भरणाऱ्या आणि कागद तयार करणाऱ्या प्रत्येक माणसाला प्रशिक्षण देणे कोडाने सक्तीचे केले आहे. ही अट बंदराच्या फाटकापाशी सुरू होत नाही. माल जिथे बांधला जातो तिथे ती लागू होते. अकोल्यातील जिन, तेल गिरणी किंवा सॉल्व्हंट प्लांटमध्ये घोषणापत्रावर सही करणाऱ्याने तेलाचा आणि ओलाव्याचा आकडा त्याच खेपेच्या प्रयोगशाळा अहवालावरून भरावा. मागच्या खेपेच्या कागदावरून उतरवून घेऊ नये.