ओनामा: एका झिजलेल्या मंत्राची कुळकथा

राळेगणसिद्धीत शाळेचा ओनामा झाला तो १९३२ साली. पारनेर तालुक्यातलं हे अवर्षणाचं गाव. शाळेला खोली एकच. हे वाक्य लिहिताना ‘ओनामा’ हा शब्द सहज आला आणि वाचणाऱ्यालाही तो अडला नसेल. दुकानाचा ओनामा होतो, विहिरीच्या खोदाईचा होतो, भाऊबंदकीतल्या भांडणाचाही होतो. शब्द इतका घरचा झालाय की त्याला कुणी कूळ विचारत नाही. विचारलं, तर धागा पंतोजींच्या ओसरीवरून नाशिकच्या लेण्यांत, पैठणच्या राजवाड्यात आणि तिथून थेट जपानच्या स्मशानांपर्यंत जातो.

ओसरीपासूनच सुरुवात करू. सरकारी शाळा येण्याआधी मूल पंतोजींकडे बसायचं. पुढ्यात धूळपाटी, म्हणजे लाकडी फळी आणि तिच्यावर पसरलेली बारीक धूळ. पंतोजी पोराचं बोट धरून धुळीत अक्षर काढून देत. पोरगं ते गिरवी, गिरवताना मोठ्यानं म्हणे. मग धूळ सारखी केली की पाटी पुन्हा कोरी. आधी ‘श्रीगणेशाय नमः’, मागोमाग ‘ॐ नमः सिद्धम्’ आणि त्यानंतर अ, आ, इ, ई. ‘श्रीगणेशा करणे’ आणि ‘ओनामा करणे’ यांचा अर्थ आपल्याकडे एकच झाला, कारण दोघे एकाच पाटीवरचे शेजारी.

पण पाच-सहा वर्षांच्या जिभेला मंत्राचं काय सोयरसुतक? ॐमधला मकार उडाला, ‘नमः’चा विसर्ग कान्यात विरला, ‘सिद्धम्’मधलं जोडाक्षर सुटलं. राहिलं ‘ओनामासीधं’. पुढे त्याचंही शेपूट गळलं आणि उरला नुसता ओनामा. उत्तर हिंदुस्थानातल्या पोरांनी तर याच पाच अक्षरांना यमक जोडून ‘बापही शिकला नाही आणि आम्हीही नाही’ अशा अर्थाची म्हण करून टाकली.

गंमत अशी की मुळातला मंत्रही व्याकरणाला धरून नाही. ‘नमः’ला चतुर्थी लागते: गणेशाय, शिवाय. मग इथे ‘सिद्धाय’ किंवा ‘सिद्धेभ्यः’ हवं होतं. जैन परंपरा या शब्दांत मुक्त झालेल्या सिद्धांना केलेलं वंदन पाहते. पण दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर हे दोन सुटे मंगलशब्द शेजारी बसवलेत, असंही दिसतं. ‘ॐ नमः’ हा एक आणि ‘सिद्धम्’ हा दुसरा. सिद्धम् म्हणजे साधलं, तडीस गेलं. काम हाती घ्यायच्या आधीच ते फत्ते झालं म्हणून टाकायचं.

या दुसऱ्या शब्दाचं वय आपल्याकडे दगडावर मोजता येतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला मोठा लेखही तिथेच आहे. लेख उघडतात ते ‘सिधं’ म्हणून, प्राकृत उच्चारात. क्षहरात आणि सातवाहन एकमेकांचे हाडवैरी. पण दगडाला छिन्नी लावताना दोघांचा पहिला शब्द एकच. कोरणाऱ्याची छिन्नी आणि धुळीतलं पोराचं बोट यांच्यामध्ये सतराशे वर्षं गेली, शब्द मात्र तोच राहिला.

सातवाहनांच्या पैठणची याच शब्दाशी बांधलेली एक कथा काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त सांगितली आहे. जलक्रीडेत दमलेली राणी राजाला म्हणाली, ‘मोदकैः’ मारा. तिच्या मनात ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्यानं नको, असा संधी होता. राजानं ऐकले मोदक, आणि ताट मागवलं! राणी हसली, राजा ओशाळला. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत तुम्हाला व्याकरण शिकवतो. दुसऱ्या पंडितानं, शर्ववर्म्यानं, सहा महिन्यांची पैज मारली आणि कार्तिकेयाची आराधना केली. देव प्रसन्न होऊन बोलू लागला. अक्षरांचा समूह सिद्धच आहे, असं पहिलं सूत्र त्याच्या मुखातून निघालं. तेवढ्यात शर्ववर्म्याला राहवलं नाही आणि पुढचं सूत्र तो स्वतःच बोलून गेला. देव म्हणाला, मध्ये बोलला नसतास तर हे पाणिनीलाही मागे टाकतं. आता छोटंच राहील. त्याचंच नाव कातंत्र, छोटं शास्त्र. पण छोटं म्हणूनच ते चाललं. पोरांच्या हाती द्यायला ते सोपं पडलं आणि बंगालपासून तिबेटापर्यंत पोचलं.

सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनं लिहून ठेवलंय की इथली मुलं सहाव्या वर्षी ‘सिद्धिरस्तु’ नावाची अक्षरमाला घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. बौद्ध मंत्रांसोबत चीनला गेलेल्या आपल्या लिपीला तिकडे नावच पडलं ‘सिद्धम्’. कूकाई हा भिक्षू ८०६ साली ती घेऊन जपानला परतला. तिथल्या शिंगोन पंथात आजही साधक समोर एकच अक्षर ठेवून ध्यानाला बसतो: ‘अ’. स्मशानात उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्यांवर याच लिपीतली बीजाक्षरं असतात. जपानी मूल आपली अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी घोकतं आणि पुढे क, स, त, न म्हणतं, तो क्रमही आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा. धूळपाटीवरचा धडा असा समुद्रापार पूजेला लागला.

आता या कुळाची दुसरी पाती. तिथे अक्षर झिजू द्यायचं नाही, असा दंडक. वेदांतल्या कथेत त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा पुत्र मागितला, पण मंत्रातल्या ‘इंद्रशत्रु’ शब्दातला स्वर चुकीच्या जागी पडला. ‘इंद्राला मारणारा’चा अर्थ ‘इंद्र ज्याला मारील तो’ असा झाला आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. एका स्वरासाठी प्राण जातो, ही धास्ती घेऊन वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा सुलट, असे शब्द फिरवतात. एखादी मात्रा जरी गळली तरी ती पकडली जाते. या कडकपणानं वेद कागदावाचून टिकले, हे खरंच. पण ज्या कानांवर ते पडू द्यायचे नव्हते, त्यांची यादी टिकवणाऱ्यांच्या यादीपेक्षा कितीतरी लांब होती.

दोन्ही पात्या जिथे एकत्र आल्या ते ठिकाण राळेगणच्याच जिल्ह्यात आहे. प्रवरेकाठच्या नेवाश्यात शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका मराठीत सांगितली. आरंभ ॐकाराचाच. पण तो ॐ त्यांनी कानात कुजबुजायला ठेवला नाही, डोळ्यांपुढे उभा केला. अकार ही पावलं, उकार हे मोठं पोट आणि मकार हे मस्तक, असा अक्षरांचाच गणपती झाला. धूळपाटीवरचे ते दोन शेजारी, श्रीगणेशा आणि ओनामा, इथे एकाच देहात बसले. शेतावरच्या माणसालाही गणपती ओळखीचा. गणपतीच्या पोटातून त्याला उकार कळला.

पुढे वारकऱ्यांनी मंत्राचं दारच काढून टाकलं. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात ‘राम कृष्ण हरी’ दिला; तो टाळ-मृदंगावर, भर रस्त्यात, हजारांच्या गळ्यात गेला. तुकोबांना गुरू मानणारे निळोबाराय पिंपळनेरचे. पिंपळनेर पारनेर तालुक्यातच, राळेगणच्या शेजारी.

राळेगणचं नाव जुन्या लेखनात ‘राळेगण शिंदी’ असंही सापडतं. शिंदी आणि सिद्धी, अंतर दोन अक्षरांचं! एकेकाळी गावात दारूच्या तीस-चाळीस भट्ट्या होत्या आणि यादवबाबांच्या देवळाची लाकडंही भट्टीत गेली होती. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी आले, त्यांनी पदरच्या पैशानं देऊळ उभं केलं आणि त्याच देवळात गावकऱ्यांनी दारू बंद करायचं ठरवलं. बहुतेक भट्टीवाल्यांनी आपणहून भट्ट्या मोडल्या. त्यासाठी कुणी बीजाक्षर जपलं नव्हतं. देवासमोर दिलेला शब्द तेवढा होता. मराठीत शब्द ‘देतात’, ‘पाळतात’, ‘मोडतात’. नाण्यासारखा तो हातातून हातात जातो, आणि चालतो तोवरच त्याची किंमत.

धुळीतली अक्षरं मात्र या गावात उशिरा पोचली. १९७१ साली बाराशे वस्तीत लिहिता-वाचता येणाऱ्या बायका होत्या ७२. पुढे गावानं श्रमातून शाळा वाढवली, आणि तिची ख्याती झाली ती वेगळ्याच कारणानं: दुसरीकडे नापास झालेल्या मुलांना ती प्रवेश देते. वैदिक हिशेबात एक स्वर चुकला की सगळं फुकट. धूळपाटीचा हिशेब निराळा. चुकलं तर तळहातानं धूळ सारखी करायची, बोट पुन्हा टेकवायचं आणि म्हणायचं, ओनामा.