बैठकीवरचे सैन्य

एकोणिसाव्या शतकातील लढाया टेबलावर मांडून खेळणाऱ्या छंदिष्टांचा बराचसा वेळ प्रत्यक्ष खेळण्यात जात नाही. तो जातो बोटाच्या पेराएवढे शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक रंगवण्यात, आणि रंगवलेले सैनिक एका छोट्या पट्टीवर चिकटवून त्या बैठकीवर वाळू, माती, कृत्रिम गवत पसरण्यात. हा बालिश विरंगुळा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला यातला व्यवहार ओळखीचा वाटावा, कारण हे ब्रशने केलेले इतिहासलेखन आहे.

बैठकीचेच पाहा. चोवीस सैनिकांची एक तुकडी सहाशेंच्या पलटणीच्या जागी उभी असते. आपल्या काव्यशास्त्रात भाल्यांच्या उल्लेखाने भालेकऱ्यांचा बोध होतो, तशीच ही लक्षणा. रंगाचेही तसेच. ब्रिटिश पायदळाचा साधा शिपाई मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढलेल्या विटकरी तांबड्या डगल्यात असे. उंची, भडक लाल कापड अधिकाऱ्याचे. पलटण ओळखायची ती कॉलर आणि बाहीच्या टोकाच्या रंगावरून. मात्र खरा रंग जसाच्या तसा इतक्या लहान आकृतीवर चढवला तर तो काळपट दिसतो, म्हणून रंगवणारा तो मुद्दाम उजळ करतो. सत्य दिसावे म्हणून सत्यात केलेली ही भर ऐतिहासिक कादंबरी शिकवणाऱ्यांना नवी नाही.

या व्यवहारातील सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग पडलेला प्रयोग कॅप्टन विल्यम सायबोर्न याचा. वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम त्याच्याकडे 1830 मध्ये आले. ला हे सँत या शेतवाडीत आठ महिने राहून त्याने जमिनीची मोजणी केली. मैलाला नऊ फूट हे त्याचे प्रमाण. या प्रमाणात माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा भरतो. सायबोर्नचे धातूचे सैनिक सुमारे दहा मिलिमीटरचे आहेत. म्हणजे त्या भूमीवर वीस फुटी राक्षस लढत आहेत! आजच्या टेबलावरही जमिनीचे माप एक आणि माणसाचे दुसरेच असते, आणि पाहणाऱ्याला ते खटकत नाही.

सायबोर्नने 18 जून 1815 चा एकच क्षण निवडला: संध्याकाळी सातच्या सुमाराचा, नेपोलियनच्या शाही गार्डची चढाई फसते तो. त्या क्षणी आपली तुकडी नेमकी कोठे होती, कोणत्या रचनेत होती, असे त्याने हयात ब्रिटिश अधिकाऱ्यांना पत्राने विचारले. समोरच्या शेतात कोणते पीक होते, हेसुद्धा विचारले. हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली, हजारो पावलांनी तुडवलेली उंच राय जिथे होती, तिथे आज अनेकजण बैठकीवर हिरवळ पेरून मोकळे होतात.

सरकारने 1833 मध्ये पैशाचा हात आखडता घेतला. सायबोर्नने कर्ज काढून काम रेटले आणि 1838 मध्ये प्रतिकृती लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांपुढे आली. वाद त्याआधीच पेटला होता. प्रशियन सैन्याकडून आलेल्या माहितीच्या आधारे त्याने निवडलेल्या क्षणी प्रशियनांची मोठी फौज फ्रेंचांच्या बगलेवर उभी केली होती. वेलिंग्टनच्या वर्तुळाला ही मांडणी मान्य नव्हती. वीस-पंचवीस वर्षे जो विजय ब्रिटिश म्हणून मिरवला, त्यात दुसऱ्याचा वाटा किती हे येणारा प्रत्येक प्रेक्षक उघड्या डोळ्यांनी मोजू शकणार होता. ग्रंथात एखादे गौण वाक्य घालून जे सावरता येते, ते इथे सावरता येत नाही. सैनिक टेबलावर असतो किंवा नसतो. अखेर सायबोर्नने प्रशियनांपैकी बरेच काढून टाकले. किती काढले, आणि दडपणाखाली की मतपरिवर्तनाने, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला दडपणाची बाजू अधिक पटते, कारण कर्जबाजारी माणसाच्या मतपरिवर्तनाकडे जरा संशयानेच पाहावे लागते.

हाच वेलिंग्टन 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईला, तेव्हाचा आर्थर वेलस्ली म्हणून, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. असई मांडणाऱ्याला पोलमनच्या कंपूतील शिपायांचे डगले रंगवावेच लागतात. डगला कोरा ठेवण्याची सोय नाही. ब्रिटिश पलटणींच्या बाहीपर्यंतचा तपशील हाताशी असतो. कंपूंसाठी मात्र तर्काने रंग भरावा लागतो, आणि रंग वाळला की तर्क आणि पुरावा यांच्यात फरक दिसेनासा होतो. लिहिणाऱ्याला निदान ‘बहुधा’ म्हणता येते.

सायबोर्न 1849 मध्ये वारला. त्याला आलेल्या पत्रांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने 1891 मध्ये प्रसिद्ध केली, आणि वॉटर्लूचे सैन्य रंगवणारे आजही ती धुंडाळतात. मोठी प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सायबोर्नने पुढे आणखी एक प्रतिकृती केली, मोठ्या मापाची पण रणभूमीचा छोटा तुकडा दाखवणारी. ती लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. तिच्यासाठी त्याने दुपारी दोननंतरचा, ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्याचा क्षण घेतला. त्या वेळी प्रशियन अजून रणांगणावर पोहोचलेच नव्हते.