आधी डीएचसीपी बंद, मग केबल

जुन्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट करायचा म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, "चालू नेटवर्कला जोडायच्या आधी त्यातला डीएचसीपी सर्व्हर बंद कर हं." सल्ला बरोबरच आहे. पण एक साधा डबा मध्ये आला म्हणून अख्ख्या ऑफिसचं नेट का बसावं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९८०च्या दशकात हार्डडिस्क नसलेली वर्कस्टेशन्स होती. डिस्कच नाही, तर मशीन स्वतःचा आयपी ॲड्रेस लक्षात ठेवणार कुठे? सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी यावर बूटपी हा प्रोटोकॉल मांडला. मशीन नेटवर्कवर ओरडायचं, "मी कोण?" सर्व्हर आपल्या यादीत त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर शोधायचा आणि सापडला तर पत्ता सांगायचा. ही यादी ॲडमिन हाताने भरायचा. आता गंमत बघा. यादीत नाव नसेल तर सर्व्हर गप्प! म्हणजे भलताच सर्व्हर कुणी आणून जोडला तरी त्याच्या रिकाम्या यादीत कुणीच सापडणार नाही आणि तो मुकाट बसून राहील.

पुढे मशीन वाढली, लॅपटॉप फिरायला लागले आणि यादी सांभाळणं अशक्य झालं. ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने डीएचसीपी आला. पाकिटाचा साचा बूटपीचाच, पोर्टही तेच, ६७ आणि ६८. नवीन काय, तर पत्त्यांचा साठा आणि मुदत. जो मागेल त्याला साठ्यातला एक पत्ता, ठराविक वेळेपुरता. सोय झालीच, पण यादीबरोबर ते गप्प बसणंही गेलं. आता कुठलाही सर्व्हर कुणालाही उत्तर देतो, आणि बहुतेक मशीन ज्याचं उत्तर आधी येईल त्याचंच ऐकतात.

तोपर्यंत सर्व्हर म्हणजे ॲडमिनच्या खोलीतली वस्तू होती. १९९९च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये इंटरनेट शेअरिंग आलं, पाठोपाठ घरगुती राउटर आले, आणि प्रत्येक डब्यात एकेक सर्व्हर जाऊन बसला, तोही विकत घेतानाच चालू!

यातला खरा त्रास म्हणजे बिघाड एकदम दिसत नाही. ज्यांच्याकडे आधीचा पत्ता आहे ते अर्धी मुदत सरली की जुन्याच सर्व्हरला विचारतात, त्यामुळे त्यांचं झकास चालू. नुकतंच सुरू केलेलं मशीन मात्र नव्या डब्याच्या तावडीत सापडतं. त्याला गेटवे म्हणून तो डबाच मिळतो, आणि त्या डब्याकडे इंटरनेटच नसतं! "माझं चालतंय, तुझंच कसं नाही?" हा वाद इथून सुरू होतो. आणि कुणी मुद्दाम असा सर्व्हर लावला तर तो डीएनएसही स्वतःचाच देणार. म्हणजे बँकेची साइट कुठे उघडायची हे तो ठरवणार.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. २००१ मध्ये डीएचसीपीसाठी ओळख पटवण्याची पद्धत ठरली, पण ती फारशी कुणी वापरलीच नाही. विंडोज २००० सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची परवानगी मागायचा, पण हा नियम मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरपुरताच. दुकानातल्या राउटरला त्याचं काय! माझ्या मते खरा इलाज स्विचमधल्या डीएचसीपी स्नूपिंगचा. कुठल्या पोर्टावरून उत्तर येऊ द्यायचं हे तिथे आपण ठरवतो. पण घरच्या स्वस्त स्विचमध्ये ते सहसा नसतं.

असो. घरी करताना क्रम पाळा. राउटरला एकटा लॅपटॉप जोडा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला त्याच नेटवर्कमधला पण मुख्य राउटरच्या साठ्याबाहेरचा पत्ता द्या. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. यानंतर लॅपटॉपला आपोआप पत्ता मिळणार नाही. पुन्हा आत जायचं असेल तर तो हाताने भरा. मग मुख्य राउटरची केबल याच्या लॅन पोर्टात घाला. वॅनमध्ये घातलीत तर त्याच्यामागे वेगळंच नेटवर्क तयार होईल आणि हॉलमधला प्रिंटर बेडरूममधून दिसणार नाही.