झिजलेली नाणी आणि काळाची दिशा

१/ वाफेच्या इंजिनाचा अभ्यास करताना सापडलेला एक नियम प्राचीन नाण्यांचा कालक्रम समजायला कशी मदत करतो? आजचा धागा उष्मागतिकीचा दुसरा नियम, एन्ट्रॉपी आणि इतिहासलेखन यांविषयी. 🧵

२/ सुरुवात आमच्या पनवेलपासून. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने वर चढे. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली.

३/ अशा इंजिनांत कोळशाच्या उष्णतेचा मोठा भाग वाया जातो. हा दोष केवळ कारागिरीचा नव्हे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ सालीच दाखवले होते की उष्णतेपासून काम मिळवायचे तर ती उष्ण जागेकडून थंड जागेकडे वाहावी लागते, आणि मिळणाऱ्या कामाला एक कमाल मर्यादा असते.

४/ १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस याने या विचारातून एक राशी निश्चित केली आणि तिला ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले. बाहेरच्या जगापासून अलिप्त असलेल्या व्यवस्थेत ही राशी कधीही घटत नाही. हाच दुसरा नियम. गरम चहा आपोआप निवतो. निवलेला चहा आपोआप गरम होत नाही.

५/ न्यूटनचे गतिनियम काळाच्या दोन्ही दिशांनी सारखेच लागू पडतात. मग भूत आणि भविष्य यांत भेद कशाने होतो? लुडविग बोल्ट्झमान याने १८७७ साली उत्तर दिले: संभाव्यतेने. कणांच्या विस्कळीत रचना अगणित असतात, नेटक्या रचना अगदी थोड्या. एका कणाविषयी हा नियम काहीच सांगत नाही. तो समूहाचा नियम आहे.

६/ आता पुण्यात येऊ. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १९४० च्या सुमारास ते एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळले. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही. आहेत ती केवळ ठोकलेली चिन्हे. मग त्यांचा क्रम लावायचा कसा?

७/ कोसंबींनी वजनांकडे पाहिले. नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. ती चांदी बोटांवर, थैल्यांत, धुळीत पसरते. ती पुन्हा गोळा होऊन नाण्यावर बसत नाही. म्हणजे वजनातील घट हे घड्याळ झाले, आणि त्याचा काटा एकाच दिशेने फिरतो.

८/ येथे दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. टांकसाळीतून एकत्र निघालेली नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. पुढे एखादे खूप फिरते, एखादे पेटीत पडून राहते. म्हणून सरासरी वजन घटत जाते आणि नाण्यानाण्यांतील तफावत मात्र वाढत जाते. आपल्या काळातील चलनी नाणी हजारोंच्या संख्येने तोलून त्यांनी हे पडताळून पाहिले.

९/ मग आहत नाण्यांतही नियमितपणा दिसला: मागील बाजूवरील चिन्हांची संख्या जितकी अधिक, तितके सरासरी वजन कमी. ही चिन्हे ठरावीक काळाने नाणी तपासताना उमटवली जात असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोणते चिन्ह कोणत्या राजाचे, याविषयीची त्यांची सगळीच मते पुढील अभ्यासकांनी स्वीकारली नाहीत. परंतु इतिहासाच्या साधनांत तराजू आणि संख्याशास्त्र यांना त्यांनी मानाचे स्थान मिळवून दिले.

१०/ कोसंबींची पद्धत संख्याशास्त्राची होती, उष्मागतिकीची नव्हे. तरीही मला तिच्यात बोल्ट्झमानचाच विचार दिसतो. एकटे नाणे मूक असते. ते हलके का? कदाचित कोणी त्याची कडा कातरली असेल. शेकडो नाणी एकत्र तोलली की मगच काळ बोलू लागतो.

११/ एन्ट्रॉपीची आणखी एक शाखा १९४८ साली फुटली. क्लॉड शॅनन याने संदेशातील अनिश्चितता मोजण्यासाठी त्याच रूपाचे सूत्र वापरले. २००९ साली राजेश राव यांच्यासह मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील निशा यादव, मयंक वाहिया आणि इतर संशोधकांनी हे माप सिंधू लिपीला लावले. एका चिन्हानंतर कोणते चिन्ह येईल, याची अनिश्चितता त्यांना भाषांशी मिळतीजुळती आढळली. एवढ्याने ती लिपी भाषेचीच असल्याचे सिद्ध होत नाही, असा आक्षेप इतरांनी घेतला. वाद चालू आहे. लिपी अजून वाचली गेलेली नाही.

१२/ या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? जी झीज पुरावा नष्ट करते, तीच पुराव्याचे वय सांगते. झीज मुळीच नसती तर जुने आणि नवे यांत फरक उरला नसता. मात्र हे घड्याळ आपल्या हातूनही बिघडते. चिंच आणि राख लावून नाणे लखलखीत केले की त्याच्या खऱ्या झिजेत आपली झीज मिसळते. साठा फोडून दहा ठिकाणी विकला की सरासरीच हरवते.

१३/ म्हणून जमिनीत पुरलेली जुनी नाणी सापडली तर ती घासू नका, वाटून घेऊ नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. चांदीची किंमत सोनारही सांगेल. साठ्याची गोष्ट मात्र तो अखंड राहिला तरच कळते, आणि एकदा विखुरला की तो पुन्हा जुळत नाही.

धागा समाप्त. शंका असतील तर खाली जरूर विचारा.