उधारीविरुद्ध उभे राहिलेले दुकान

ग्राहक सहकाराचा इतिहास पुष्कळदा स्वस्ताईचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातील रॉचडेल या गावी, टोड लेन नावाच्या गल्लीत, २१ डिसेंबर १८४४ रोजी जे दुकान उघडले, तेथे माल बाजारभावानेच विकला जाई, आणि तरीही आधीच्या अनेक सहकारी दुकानांना न साधलेली गोष्ट, म्हणजे टिकून राहणे, त्याला साधली.

त्याचे कारण उधारीच्या वहीत शोधावे लागते. रॉचडेल हे फ्लॅनेल, म्हणजे मऊ लोकरी कापड, विणणाऱ्यांचे गाव असून यंत्रमागांच्या स्पर्धेत तेथील हातमागवाल्यांची मजुरी घसरत गेली होती. आठवड्याची मजुरी हाती पडण्याआधीच घरातले पीठ संपे, दुकानदाराच्या वहीत नाव चढे, आणि एकदा नाव चढले की वजनातल्या खोटीबद्दल किंवा मालाच्या दर्जाबद्दल तोंड उघडण्याची सोय उरत नसे. पीठ पांढरे दिसावे म्हणून त्यात तुरटी मिसळण्याची चाल त्या काळी इंग्लंडभर होती. काही कारखानदार तर मजुरीचा भाग मालाच्या रूपाने देत किंवा आपल्याच दुकानातून खरेदी करायला लावीत. ‘ट्रक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवर १८३१ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी ती लगेच नाहीशी झाली नाही. याच गावात १८३३ मध्ये निघालेले एक सहकारी दुकान सभासदांना उधार देता देता दोन वर्षांत बुडाले होते, आणि नव्या दुकानाच्या काही संस्थापकांनी ते बुडताना पाहिले होते.

म्हणून नव्या संस्थेने रोखीशिवाय व्यवहार नाही, असा नियमच केला. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून जमवलेले भांडवल अवघे २८ पौंड. त्यातून जागेचे भाडे आणि किरकोळ सामान वजा जाता मालासाठी सुमारे साडेसोळा पौंड उरले, आणि त्यांत लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ व थोड्या मेणबत्त्या आल्या. पहिल्या संध्याकाळी फळ्या निघाल्या तेव्हा गल्लीतल्या पोरांनी हुर्यो उडवली, आणि तो तुटपुंजा माल पाहता त्यांना फारसा दोष देता येत नाही.

नफ्याची वाटणी मात्र विचारपूर्वक ठरवलेली होती. भांडवलावर ठरावीक व्याज देऊन उरलेले आधिक्य भागांच्या प्रमाणात न वाटता, दर तिमाहीस ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचे, ही ती योजना. तिला खरेदीवरील लाभांश म्हणतात. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, पण रोखीच्या नियमाशी तिची सांगड बसल्यामुळे कर्जबाजारी घराची, त्याच्या नकळतच, बचत होऊ लागली. भाग कितीही असले तरी मत एकच, आणि स्त्रियांनाही सभासदत्व, हेही तेथील विशेष होत.

शुद्ध मालाची सवय लावणे मात्र सोपे गेले नाही. सभासदांनी १८५० मध्ये स्वतःची पिठाची गिरणी उभारली, तेव्हा तिचे निर्भेळ पीठ काहीसे काळपट दिसले, आणि तुरटीच्या पांढरेपणाला सरावलेल्या गिऱ्हाइकांनी आधी नाकच मुरडले. तरीही २८ सभासदांची ही संस्था १८६० पर्यंत सुमारे साडेतीन हजारांवर गेली. मात्र रोखीच्या नियमाने तिच्यात एक उणीवही आणली, कारण ज्याच्या हाती रोख पैसाच नसे, त्या सर्वांत गरीब माणसाला पुन्हा उधारीच्याच दारात जावे लागे.

रॉचडेलचा आदर्श समोर ठेवून मद्रासमधील ट्रिप्लिकेन येथे १९०४ मध्ये ग्राहक भांडार निघाले. त्याच वर्षीच्या भारतीय सहकार कायद्यात केवळ पतसंस्थांचा विचार होता. ग्राहक भांडारांसारख्या संस्थांना कायद्याचा नीट आधार १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने मिळाला. मुंबईत ‘अपना बाजार’ १९४८ मध्ये सुरू झाला, तोही नायगावात, म्हणजे पुन्हा एकदा कापड गिरण्यांच्या कामगारवस्तीत, जेथे चाळीतल्या घरांचा महिना वाण्याच्या वहीवर चालत असे.