टोपलीची जागा : कापूस बाजाराच्या कायद्यापासून विक्री प्रमाणपत्रापर्यंत



सकाळच्या पहिल्या एसटीत आपल्या कितीतरी जणी बसतात. पायाशी मेथी-पालकाची टोपली, मांडीवर मिरच्यांची थैली. अमरावतीचा इतवारा नाहीतर अकोल्याचा जनता भाजी बाजार गाठायचा, जवळपास जागा धरायची, दुपारपर्यंत माल विकायचा. वसुलीवाला येतो, पैसे घेतो, पावती फाडून देतो. ती पावती चंचीत जाते आणि संध्याकाळी चुलीत. "हे चिटोरं ठेवून काय करू मी?" असं आपण म्हणतो. आज त्या चिटोऱ्याचीच गोष्ट सांगते. ती सुरू होते कापसापासून.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे झाली आणि आपला कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांना जाऊ लागला. बाजारात पैसा आला, तशी मापातली लबाडीही आली. म्हणून १८८६ साली कारंजाचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आणला गेला. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. दलालाला परवाना, माप करणाऱ्याला परवाना, बाजारावर देखरेखीला समिती.

पण त्या समितीत बसलं कोण? व्यापारी. ज्याने कापूस पिकवला त्या शेतकऱ्याला तिथे जागा ठेवलेली नव्हती. नियम झाले, पण ज्याचा माल त्याला विचारलं नाही. ही खूणगाठ बांधून ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट आपल्याबाबत घडते.

कापसाला निदान कायदा तरी मिळाला. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची नोंद कुणाच्याच वहीत नव्हती. तिच्याकडून बसण्याचे पैसे तेवढे घेतले जात. वसुलीचा हर्रास व्हायचा, ठेका घेणारा पैसे गोळा करायचा. गावच्या आठवडी बाजारात अजूनही बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे.

शहरात मात्र परवान्याचा प्रश्न आला. महानगरपालिकांचा कायदा १९४९ सालचा. अमरावती १९८३ साली महानगरपालिका झाली, अकोला २००१ साली. या कायद्यानुसार रस्त्यावर विनापरवाना मांडलेला माल आधी न कळवताही उचलता येत होता. म्हणजे परवाना ही मेहेरबानी. तो नसला, तर वर्षानुवर्षं त्याच जागी बसणारी बाईसुद्धा अतिक्रमण ठरायची.

हे बदललं ते लढून. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना उभी केली. माणेक चौकातल्या भाजीवाल्या बायांचं मागणं साधं होतं : दोन टोपल्यांपुरती जागा द्या. दिल्लीत सोदान सिंग नावाचा फेरीवाला रस्त्यावर तयार कपडे विकायचा. त्याच्या खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रस्त्यावर धंदा करणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मात्र त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, आणि अमुकच जागा माझी असा हक्क सांगता येत नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १ मे २०१४ पासून, पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा लागू झाला. त्यात आपल्या कामाचं काय आहे?

निदान ५ वर्षांतून एकदा विक्रेत्यांची पाहणी करायची आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचं. पाहणी होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. पुढे उठवायचं झालंच, तर ३० दिवसांची नोटीस हवी. माल उचलला तर त्याची यादी द्यायची, आणि भाजी-फळांसारखा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा. शहराच्या विक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायांच्या. १८९७ साली शेतकऱ्याला जी खुर्ची मिळाली नव्हती, ती इथे विक्रेत्या बाईसाठी लिहून ठेवली आहे.

मग अडतं कुठे? पाहणीवाला येईल त्या दिवशी आपण शेतात निंदायला असू शकतो. आपण आठवड्यातून दोनच दिवस शहरात. वहीत नाव नाही, म्हणजे प्रमाणपत्र नाही. शिवाय दुसरं उपजीविकेचं साधन नाही, असंही लिहून द्यावं लागतं. घरी एकर-दोन एकर असलेल्या बाईने काय लिहायचं? कायदा करताना डोळ्यांसमोर शहरातला फेरीवाला होता. पिकवून स्वतः विकणारी बाई पुन्हा मधल्या मध्ये राहिली. म्हणून सही करण्याआधी हा प्रश्न महानगरपालिकेच्या कचेरीत विचारा. खोटं लिहून देऊ नका.

दुसरं. हा कायदा शहरांचा आहे. गावचा आठवडी बाजार ग्रामपंचायतीकडे. तिथे वसुलीचा दर किती, ठेका कितीचा गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं. दराचा फलक बाजारात लावायला सांगा.

एक उदाहरण मात्र उमेद देणारं आहे. १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी कर्जयोजना आली. पहिलं कर्ज १० हजारांचं होतं. तिच्यात आसपासच्या खेड्यांतून शहरात येऊन विकणाऱ्यांनाही शिफारसपत्र मिळण्याची सोय ठेवली, आणि त्यासाठीच्या चौकशीत बचत गटांना विचारता येईल असं म्हटलं. म्हणजे खेड्यातली बाई वहीत बसू शकते. बसवणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम गटाचं आहे.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या बाजाराच्या पावत्या आणा. ती पावती म्हणजे परवाना नव्हे, पण ही बाई इथे बसत होती याचा तो कागद आहे. एका वहीत तारखेप्रमाणे चिकटवा, समोर बसण्याची जागा लिहा. मग चौघी-पाचजणी मिळून कचेरीत जा आणि दोन गोष्टी विचारा : पाहणी कधी आहे? समितीत बायांच्या जागांवर कोण आहे?

आणि आजपासून ते चिटोरं चुलीत घालू नका.